आजोबांची हजेरी : साहेबाचं रजिस्टर आणि माझ्या लेकीचा जातीचा दाखला

जुनी_गिरणी (धागाकर्ता)

लेक बारावी झाली. अभियांत्रिकीच्या प्रवेशाला जात वैधता लागते म्हणून या उन्हाळ्यात आम्ही बापलेक कागद गोळा करत हिंडलो. आम्ही टकारी. म्हणजे जात्याला, पाट्याला टाकी लावून देणारे. सरकारी यादीत विमुक्त जाती अ. आमच्या प्रवर्गाला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा दाखवावा लागतो. वडिलांचं नाव शाळेत घातलं जून १९६४ मध्ये. अडीच वर्षांनी हुकलं. आजोबा शाळेत गेलेच नाहीत. जमिनीचा तुकडा कधी नव्हता, त्यामुळे सातबारा नाही, फेरफार नाही. जन्म पालात, त्यामुळे जन्माची नोंद नाही. सेतूतला पोरगा म्हणाला, "काका, घरात बघा की, काहीतरी जुनं असेलच."

होतं, पण घरात नव्हतं. एका सरकारी कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये होतं. आठ हेलपाटे, दोन वेळा "साहेब मीटिंगला गेलेत", एकदा "रेकॉर्ड वाळवीने खाल्लं" आणि मग अचानक एका भल्या शिपायाने कपाटाच्या वरून काढून दिलेला जाडजूड बाड. सोलापूरच्या सेटलमेंटचं हजेरीचं रजिस्टर, १९३८ सालचं. त्यात इंग्रजीत माझ्या आजोबांचं नाव, वय वर्षे तेरा, बापाचं नाव, जमात, 'ओळखीची खूण : डाव्या भुवईवर व्रण' आणि शेजारी अंगठा. शाई अजून काळीभोर आहे. अंगठ्याच्या रेषा मोजता येतील इतकी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. एखाद्या माणसाने चोरी केली म्हणून तो गुन्हेगार, असं त्यात नव्हतं. अख्खी जमातच जन्माने गुन्हेगार असं जाहीर करायचं आणि तिच्यातल्या लोकांची नोंद करायची. आधी उत्तर हिंदुस्थानात, मग १९११ च्या नव्या कायद्याने सगळीकडे. पुढे १९२४ ची आवृत्ती. मुंबई इलाख्यात वसाहती झाल्या : विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर. सोलापूरची काही वर्षं अमेरिकन मराठी मिशनने चालवली. लोक तिला 'तीन तारांची सेटलमेंट' म्हणायचे, कारण भोवती तारेचं कुंपण. आतल्या बाप्यांनी, बायांनी गिरणीत कामाला जायचं, परत आलं की हजेरी, रात्री परत हजेरी. गावाला जायचं तर पास. पासाशिवाय सापडला तर तुरुंग. मुंबई सरकारने १९४९ मध्ये हा कायदा रद्द केला, देशभरात तो ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. म्हणून आमच्याकडे ३१ ऑगस्टला विमुक्त दिन करतात. तुमच्या स्वातंत्र्यानंतर पाच वर्षं सोळा दिवसांनी.

आजोबा गिरणीतून रिटायर झाल्यावरही लग्नाला परगावी निघाले की टोपीच्या घडीत एक चिठ्ठी ठेवायचे. 'अमुक इसम अमुक गावी लग्नास जात आहे', खाली जॉबरची, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाची सही. जॉबर कधीच वारला होता. चिठ्ठी तीच, वर्षानुवर्षं, घडीवर फाटलेली. आम्ही पोरं हसायचो.

आता रजिस्टरची खरी नक्कल माझ्यासमोर आहे. ज्या कागदाने तेरा वर्षांच्या पोराला चोर ठरवलं तोच कागद त्याच्या पणतीला कॉलेजात घालणार. आनंद मानू की काय करू, कळेना झालंय. कायदा गेला, बरोबर. पण तो अजून कुठे कुठे बसून राहिलाय? तुमच्या घरचं, गावचं, खात्यातलं माहीत असेल ते लिहा.

---

वकीलीणबाई

दादा, धागा वाचून नक्कल डोळ्यांसमोर आली. कायद्याच्या बाजूने चार गोष्टी सांगते.

मूळ १८७१ च्या कायद्यात सगळ्यात विषारी कलम मला शिक्षेचं वाटत नाही. एकदा सरकारने जमात जाहीर केली की त्या जाहिरनाम्याला कोर्टात आव्हान देता येणार नाही, हे कलम. म्हणजे मी चोर नाही हे सिद्ध करायची जागाच नाही. कारण तुमच्यावर आरोपच ठेवलेला नाही, तुमचं फक्त वर्णन केलंय. शिवाय याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांच्या नोंदणीचा होता, हे फार लोकांना ठाऊक नसतं. एकाच कायद्यात भटके आणि तृतीयपंथी. जो एका जागी बसत नाही आणि जो एका चौकटीत बसत नाही, दोघंही रजिस्टरात.

१९५२ ला तो गेला, पण जागा रिकामी राहिली नाही. राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आपल्याकडे मुंबईचा १९५९ चा. कागदावर फरक मोठा आहे : इथे जमात नाही, व्यक्ती पाहायची, आणि तीही आधी शिक्षा झालेली. व्यवहारात पोलिसांची जुनी यादी नव्या फायलीत आली. आजही ११० ची चॅप्टर केस, म्हणजे सराईत म्हणून चांगल्या वागणुकीचा जामीन मागणारी (आता नव्या संहितेत कलम १२९), कोणावर लावतात ते तालुक्याच्या कोर्टात एक दिवस बसून बघा. आडनावं वाचली तरी पुरे.

तुरुंगांचं तर विचारू नका. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात निकाल दिला. कित्येक राज्यांच्या कारागृह नियमावलीत तोवर जातीनुसार कामं वाटून दिलेली होती आणि 'भटक्या किंवा गुन्हेगार जमातीचा' कैदी असं वर्णन छापलेलं होतं. कायदा मेल्यानंतर बहात्तर वर्षांनी नियमावलीत. कोणी मुद्दाम ठेवलं असंही नाही. नवीन आवृत्ती काढताना जुनी समोर ठेवून टाईप केली, एवढंच. आपली अर्धी सरकारी व्यवस्था अशीच टाईप झालेली आहे.

---

मुठेकाठचा

लेख प्रामाणिक आहे, त्याबद्दल आदर. पण एक शंका मांडतो, राग मानू नये.

प्रत्येक गोष्ट साहेबाच्या माथी मारून आपण मोकळे होतो का? गावकुसाबाहेर कोण ठेवलं होतं? पालं कोणाच्या काळापासून आहेत? इंग्रजांनी जात शोधून काढली नाही, ती त्यांना तयार मिळाली. जन्मावरून धंदा ठरतो हे त्यांना आपल्याच शास्त्री-पंडितांनी, पाटील-कुलकर्ण्यांनी सांगितलं. त्यांनी फक्त 'सुताराचा पोरगा सुतार, तर चोराचा पोरगा चोर' असा हिशेब केला.

दुसरं, सेटलमेंटमध्ये शाळा होत्या, दवाखाना होता, गिरणीत रोख पगार होता. मुंबई इलाख्यात या वसाहतींचा कारभार पाहणारा स्टार्ट हा आयसीएस अधिकारीच १९३० च्या मागासवर्ग समितीचा अध्यक्ष होता, आणि त्या समितीवर डॉ. आंबेडकर सदस्य होते. म्हणजे सगळे राक्षस होते असं चित्र बरोबर नाही.

तिसरं, जातपंचायतीचं काय? कंजारभाट समाजातल्या तरुण-तरुणींनी कौमार्य परीक्षेविरुद्ध उघडपणे आवाज उठवला, तो इंग्रजांविरुद्ध नव्हता.

---

जुनी_गिरणी

@मुठेकाठचा, राग कशाला येईल? तुमचे तिन्ही मुद्दे आमच्या घरात जेवताना निघतात.

शाळा होती हे खरं. वडील म्हणायचे, तारेच्या आतल्या पोरांना अक्षर आलं, तारेबाहेर पालं घेऊन हिंडणाऱ्या भावकीला नाही आलं. आजही आमच्यात मास्तर, क्लार्क, वकील निघाले ते बहुतेक सेटलमेंटच्या घरांतून. पण आजोबांना विचारलं असतं, "शाळेसाठी तार चालेल का?" तर ते काय म्हणाले असते मला माहीत आहे. चार शब्द आहेत, इथे लिहिण्यासारखे नाहीत.

---

खाकी_उतरवली

३२ वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. हवालदार. नाव, जिल्हा सांगणार नाही.

घरफोडी झाली की पहिला प्रश्न : कोणत्या पद्धतीची? कडी उचकटली, भिंत फोडली, कौलं काढली. त्यावरून वरिष्ठ म्हणायचे, "हे अमक्यांचं काम. वस्तीवर जाऊन या." पुरावा नंतर. आधी वस्ती. रात्री दोन-तीन वाजता दोन गाड्या, वीस माणसं. जे पळायचे त्यांना धरायचं. का पळतोस विचारायचं नाही, पळाला म्हणजे केलं असणार. मी स्वतः हे केलंय. आज लिहिताना हात थोडा अडखळतोय, पण लिहितो.

नोकरीला लागलो तेव्हा एका जुन्या जमादाराने मला एक वही दिली होती. हातानं लिहिलेली. कोणत्या जमातीचे लोक कसे कपडे घालतात, कशी बोली बोलतात, कोणत्या तिथीला गुन्ह्याला निघतात, सगळं. मला वाटायचं हा माणूस केवढा अनुभवी. पुढे कधीतरी एका ग्रंथालयात इंग्रजांच्या काळातलं पोलिसांसाठीचं टिपण वाचायला मिळालं. वही म्हणजे त्याचं भाषांतर! वाक्यंच्या वाक्यं. जमादाराला ती त्याच्या जमादाराने दिली असणार. अनुभव कोणाचाच नव्हता.

अजून एक सांगतो. गुन्हे करणारे त्या वस्त्यांत नव्हते असं मी म्हणणार नाही. होते. जिथे तुम्हाला कोणी कामावर ठेवत नाही आणि दर महिन्याला उचलून नेतात, तिथे काही जण 'आरोप होणारच आहे तर' म्हणून करतात. आणि जे खरोखर मोठे हात मारणारे होते ते वस्तीत राहत नव्हते. ते फ्लॅटमध्ये राहत होते. त्यांची वही आमच्याकडे नव्हती.

---

तांड्याचा_पोरगा

यवतमाळ जिल्ह्यातून. जय सेवालाल.

@मुठेकाठचा काका, जात इंग्रजांना तयार मिळाली हे मान्य. पण धंदा त्यांनीच मोडला, त्याचं काय? आम्ही बंजारा, आमचे पूर्वज लदेणी करायचे. हजारो बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून किनाऱ्यापासून आत, आतून परत. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात वेलस्लीच्या फौजेला धान्य पुरवणारे बंजारेच होते. तेव्हा आम्ही चोर नव्हतो बरं का, फौजेचं पोट आमच्या बैलांवर होतं. मग सडका झाल्या, १८५३ ला रेल्वे सुरू झाली, १८६३ ला बोरघाट चढली. मिठावर कर आणि नाके. जंगल राखीव झालं, बैल चारायचे कुठे? कामच संपलं. बैलामागे चालणारा माणूस विनाकाम हिंडताना दिसला की साहेबाला संशय. आधी त्याचं काम काढून घ्यायचं, मग विचारायचं "हा इकडे का फिरतोय?"

आणि आजचं सांगतो. माझी मावशी तेलंगणात दिली आहे, तिची मुलं अनुसूचित जमाती. कर्नाटकातले आमचे भाईबंद अनुसूचित जाती. महाराष्ट्रात आम्ही विमुक्त जाती. एकच गोरमाटी बोली, एकच सेवालाल महाराज, तीन राज्यांत तीन डबे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेऊन मराठा समाजासाठी जीआर निघाला, लगेच आमच्याकडेही मोर्चे निघाले की त्याच गॅझेटियरमध्ये आमचीही नोंद आहे. कोण बरोबर कोण चूक हा वाद मी इथे आणत नाही. मला गंमत एवढीच वाटते की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोण्या अधिकाऱ्याने तंबूत बसून गावकऱ्यांना विचारून चार ओळी लिहिल्या, त्या ओळी आज आपलं आपल्याला सांगणार की आपण कोण.

---

बोरूबहाद्दर

झालं का सुरू? आरक्षणासाठी शंभर वर्षांपूर्वीचं उकरायचं. ७५ वर्षं झाली स्वातंत्र्याला, अजून किती दिवस रडणार?

---

वकीलीणबाई

@बोरूबहाद्दर, उकरायला यांनी नाही, सरकारने सांगितलंय. १९६१ च्या आधीचा कागद आणा, ही अट आहे. ज्यांच्याकडे जमीन आहे, घर आहे, त्यांना हा कागद घरबसल्या मिळतो. ज्यांना १९५२ पर्यंत एका जागी राहायची परवानगी तरी नव्हती किंवा सक्ती तरी होती, त्यांनाच 'तुम्ही तेव्हा कुठे राहत होता ते दाखवा' म्हणणं, हे रडणं आहे की चौकशी, तुम्हीच ठरवा.

माझ्याकडे अशी प्रकरणं येतात. जे सेटलमेंटमध्ये अडकले त्यांचं निदान रजिस्टर आहे. जे तारेच्या बाहेर निसटले, त्यांच्याकडे काहीही नाही. एका आजींनी मला विचारलं होतं, "बाई, आम्ही पळून गेलो ते चुकलंच की काय?"

---

वर्गशिक्षिका

मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. गावापासून दीड किलोमीटरवर गायरानात पारध्यांची वस्ती. तिथली नऊ मुलं माझ्या वर्गात.

पहिल्या वर्षीचा प्रसंग. शाळेसमोर एक पांढरी जीप थांबली. पोषण आहार तपासायला अधिकारी आले होते. मी दारात जाऊन नमस्कार करून मागे वळले तर नऊच्या नऊ जागा रिकाम्या. खिडकीला गज होते, मागचं दार बंद. मुलं कुठे गेली असतील? दप्तरं ठेवायच्या लाकडी फळीखाली, एकमेकांवर रचलेली. आवाज नाही. चार वर्षांचं एक पिल्लू भावासोबत आलं होतं, त्याच्या तोंडावर बहिणीने हात ठेवला होता. त्या मुलांना १८७१ कोणी शिकवलं नव्हतं.

पालकसभेला कोणी येत नाही म्हणून मी वस्तीवर गेले. बाप्ये उठून लांब गेले, बाया पालाच्या तोंडाशी. एक म्हातारी म्हणाली, "कोन हाय घरात, कोन न्हाई, सांगू का?" मी हजेरीपट घेऊन गेले होते ना हातात! शाळेचाच, निळ्या पुठ्ठ्याचा. त्या दिवसापासून वस्तीवर जाताना हात रिकामे ठेवते.

शिकार हा यांचा मूळ धंदा. तितर, ससे, फासे लावून. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तोही गुन्हा झाला. वाघा-हरणांसाठी तो कायदा हवाच होता, माझं म्हणणं तसं नाही. पण या लोकांना त्याऐवजी काय दिलं, हे कोणी विचारलंच नाही. दुसऱ्यांदा तेच झालं. कायदा आला आणि काल जे काम होतं ते आज गुन्हा. फक्त या वेळी कायदा आपला होता.

---

मुठेकाठचा

वर्गशिक्षिकाताई, फळीखालची मुलं वाचून थांबलो.

माझ्याच शहराचं एक उदाहरण मला रात्री आठवलं, ते माझ्या पहिल्या प्रतिसादाच्या थोडं विरुद्ध जातं. लिहिलंच पाहिजे. रामोशी हे गडकिल्ल्यांचे, गावांचे रखवालदार. पुरंदरच्या परिसरात त्यांना रखवालीचे हक्क आणि जमिनी होत्या. १८१८ मध्ये पेशवाई गेली, किल्ले इंग्रजांच्या हाती गेले, रखवालीची गरज संपली, हक्क गेले. मग उमाजी नाईकांचं बंड. ३ फेब्रुवारी १८३२ ला त्यांना पुण्यात फाशी दिलं. ज्यांच्याकडे गावाच्या किल्ल्या होत्या ते दोन पिढ्यांत दरोडेखोर झाले. आणि विनोद असा की त्याच पुण्याच्या कॅम्पात गोरे साहेब बंगल्यावर रात्रीच्या पहाऱ्याला रामोशीच ठेवायचे. रामोशी ठेवला नाही तर चोरी होणार, असा तेव्हाचा पक्का समज. म्हणजे बंगल्याच्या आत विश्वासू नोकर आणि फाटकाबाहेर गुन्हेगार जमात, माणूस तोच.

तर माझं म्हणणं जरा दुरुस्त करतो. जात तयार मिळाली हे कायम. पण गावगाड्यात हलक्या मानलेल्या माणसाचंही एक काम असायचं, त्या कामाचं बलुतं असायचं, पहाऱ्याचं धान्य असायचं. अपमान होता आणि हक्कही होता. इंग्रजांनी हक्क काढला आणि अपमान छापून ठेवला. जातपंचायतीबद्दलचं मत मात्र बदलत नाही.

---

टाकीचा_घाव

मी पण टकारी, धागाकर्त्यांपेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान. पुण्यात आयटीत आहे.

कायदा, पोलीस हे सगळं बोललात. शब्दांचं कोणी बोललं नाही. 'भामटा' हा शब्द रोज पेपरात येतो. 'भामट्याने वृद्धेला लुबाडले.' 'तोतया भामटा जेरबंद.' भामटा ही महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीतली जात आहे. आणि पोटजातीत टकारीच्या शेजारी काय छापलंय बघा : उचले, घंटीचोर. सरकारी यादीत. मी कॉलेजात असताना स्कॉलरशिपच्या अर्जावर क्लार्कने मोठ्यांदा वाचलं, "भामटा?" रांगेत तीस जण. सगळे हसले, क्लार्क पण हसला. वाईट माणूस नव्हता तो. नंतर मला चहा पाजला.

ऑफिसात लॅपटॉप हरवला होता कोणाचा तरी. एक सहकारी गमतीत म्हणाली, "कोण उचल्या आहे रे आपल्यात?" तिला काहीही माहीत नव्हतं. मी सगळ्यात मोठ्याने हसलो. घरी जाऊन बायकोला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, मग तू का हसलास? उत्तर नाही माझ्याकडे.

@मुठेकाठचा काका, पंचायतीबद्दल बरोबर आहात. पण एक बघा. ज्या लोकांना कोर्टात गेलं की आधी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचे, ते भांडण घेऊन कोर्टात जाणार? पंचायत त्यामुळे घट्ट झाली. माझ्या चुलत बहिणीला पंचांनी वाळीत टाकलं होतं, तेव्हा तिला पोलिसांत जा म्हणणारा मी एकटाच होतो, आणि चौकीच्या दारात माझेच पाय लटपटत होते. समर्थन करत नाही. सांगतोय फक्त.

---

खाकी_उतरवली

@टाकीचा_घाव, 'भामटा' आम्ही पंचनाम्यात पण लिहायचो. तीस वर्षं. आरोपी कोणत्याही जातीचा असो, वर्णन 'अज्ञात भामट्याने'. आज पहिल्यांदा कळलं की ते कोणाचं तरी नाव आहे.

---

तांड्याचा_पोरगा

विमुक्त-भटक्यांसाठी केंद्राने नेमलेल्या आयोगांचं कोणी लिहिलं नाही म्हणून दोन ओळी. बाळकृष्ण रेणके आयोगाचा अहवाल २००८ चा, भिकू रामजी इदाते आयोगाचा २०१८ चा. दोन्ही माणसं महाराष्ट्रातली. दोन्ही अहवालांचं सार एकच : आधी मोजा तरी. अनेक राज्यांत अशा जमाती आहेत ज्या अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी कुठल्याच यादीत नाहीत. २०२२ ला केंद्राने विमुक्त-भटक्यांसाठी सीड योजना आणली, पाच वर्षांसाठी देशभराला मिळून २०० कोटी. आता जनगणनेत जात विचारणार आहेत, त्यात विमुक्त-भटक्यांना वेगळा रकाना हवा ही मागणी आहे.

यात एक पेच आहे, आणि आमच्या तांड्यावर यावर रात्र-रात्र वाद होतो. म्हातारे म्हणतात, परत नाव लिहून घेणार? कशाला? एकदा लिहून घेतलं होतं. तरुण म्हणतात, नाव नाही तर काहीच नाही. मला दोन्ही पटतं.

---

जुनी_गिरणी (धागाकर्ता)

सात आठवड्यांनी परत लिहितोय. मधे दक्षता पथकाची गृहचौकशी झाली.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, जात पडताळणी समितीला शंका असली की दक्षता पथक घरी येतं आणि त्यात पोलीस अधिकारी असतात. म्हणजे आम्ही तेच आहोत जे पोलिसांनी १९३८ ला लिहिलं होतं, हे तपासायला २०२५ ला पोलीस. आलेले साहेब सभ्य होते. साध्या कपड्यांत, बूट बाहेर काढून बसले. कुलदैवत कोणतं, लग्नात काय करता, मूळ धंदा काय, आडनावं कोणती. बायकोने माळ्यावरून आजेसासऱ्यांची छिन्नी आणि टाकी काढून दाखवली. साहेबांनी हातात घेऊन बघितली. म्हणाले, आमच्या आईच्या जात्याला टाकी लावायला यायचे हो कोणीतरी, लहानपणी बघितलंय.

आजी अजून आहे आमची. नव्वदी ओलांडली, ऐकू कमी येतं, खाटेवरच असते. साहेब शेवटी वंशावळ वाचून दाखवायला लागले, एकेक नाव घेऊन, बरोबर आहे का म्हणून. आजीचं नाव आलं तशी ती भिंतीला धरून उठली आणि उभी राहिली. लेक म्हणाली, "पणजी, बस ना, का उठलीस?" तर म्हणाली, नाव पुकारलं की उभं राहायचं असतं. साहेब पण उभे राहिले. मग कोणी आधी बसायचं हे कोणालाच कळेना.

वैधता मिळाली. सेतूत दाखल्याचा मसुदा करताना पोरग्याने विचारलं होतं, "जात भामटा टाकू का टकारी?" लेक माझ्याआधी बोलली, "टकारी टाका. र ला दुसरी वेलांटी."

एक व्यवहाराचा प्रश्न राहिला. रजिस्टरची ती खरी नक्कल आता घडीवर फाटायला आली आहे. अंगठ्याच्या बरोबर मधून घडी जाते. लॅमिनेट करून घ्यावी का?

---

वकीलीणबाई

अजिबात नको! लॅमिनेट केलेला कागद पुढे कोणी संशयाने बघितला तर शिक्का, शाई तपासता येत नाही, आणि धाकट्याच्या पडताळणीला तीच नक्कल परत लागेल. प्लास्टिकच्या पारदर्शक फोल्डरमध्ये सपाट ठेवा, घडी घालू नका. आणखी दोन खऱ्या नकला आत्ताच काढून घ्या. तो शिपाई रिटायर व्हायच्या आत.